‘पुढचं गाव किती लांब?’ : पायी फिरणाऱ्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या अंकात मी चाळीस दिवस एका नदीच्या काठाने पायी फिरून आल्याचं लिहिलं होतं. त्यात वाटेत भेटलेल्या माणसांवर जेमतेम चारपाच परिच्छेद होते, बाकी सगळं पाय, फोड, पाऊस आणि बॅग. पण पत्रं आणि मेल आले ते सगळे त्या चारपाच परिच्छेदांवर. फोडांबद्दल एकानेही विचारलं नाही, जरा वाईटच वाटलं, कारण फोडांवर मी फार मेहनत घेऊन लिहिलं होतं. असो. त्यातले काही प्रश्न निवडलेत. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय म्हणून कुणाचंच छापत नाहीये.

‘मी तीस वर्षं सेल्समध्ये होतो. बस, ट्रेन, बाइक, एवढं फिरलो की विचारू नका, आणि माणसं मलाही भेटली. पायी गेलं की लोक मन मोकळं करतात हे जरा रोमँटिक नाही वाटत? पायांत असं काय आहे?’

पायांत काहीच नाहीये, तुमची शंका रास्त आहे. ट्रेनमध्ये शेजारी बसलेला माणूस चार स्टेशनांत अख्खं आयुष्य सांगून उतरून जातो हे आपण सगळ्यांनीच बघितलंय. जॉर्ज झिमेल नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०८ साली ‘परका माणूस’ या विषयावर छोटंसं टिपण लिहिलं होतं, त्यात त्याने हेच नोंदवलंय की जवळच्यांपासून जपून ठेवलेल्या गोष्टी लोक परक्याला सांगतात, अगदी कबुलीजबाब दिल्यासारख्या. का, तर तो उद्या इथे नसणार. त्यामुळे निघून जाणारा माणूस एवढंच भांडवल असेल तर ट्रेन आणि चालणं सारखंच.

फरक कुठे पडतो तर समोरचा कुठे आहे त्यात. ट्रेनमधला शेजारी तुमच्यासारखाच घर सोडून निघालेला असतो, पण चालणाऱ्याला जो भेटतो तो त्याच्या जागेवर असतो, हातात त्याचं काम असतं, पाठीमागे त्याचं दार असतं. तो यजमान आणि तुम्ही गरजवंत. तुम्ही सेल्समध्ये होतात म्हणून तुम्हाला हे लगेच कळेल, तुम्ही दारात गेलात की समोरचा आधी सावध व्हायचा, हा काय गळ्यात मारतोय म्हणून. घामाघूम झालेली बाई दारात येऊन पाणी मागते तेव्हा सावध व्हायचं कारणच नसतं, देणारा तो आहे. आणि देणारा माणूस जरा सैल होतो, त्याला वाटतं आपणही काहीतरी बोलावं.

दुसरी गोष्ट स्पीडची. माणूस तासाला चारपाच किलोमीटर चालतो. सरळ रस्ता असेल तर तुम्ही येताय हे समोरच्याला दहा मिनिटं आधी दिसतं, तो काम करता करता तुमच्याकडे बघत असतो आणि तुम्ही पोचेपर्यंत तुमच्याबद्दल त्याने काय ते ठरवून टाकलेलं असतं. गाडीवाला एकदम येऊन उभा राहतो, त्याच्याबद्दल ठरवायला वेळच मिळत नाही म्हणून त्याला फक्त उत्तर मिळतं. योहान गॉटफ्रीड झॉयमे नावाचा एक जर्मन लेखक १८०१ च्या डिसेंबरात सॅक्सनीतून निघून पायी पार सिसिलीतल्या सिराक्यूजपर्यंत गेला होता. चालणाऱ्याला माणसं जास्त दिसतात आणि गाडीत बसला की माणूस माणुसकीपासून लगेच काही पायऱ्या लांब जातो, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय, आणि तेव्हा तर घोडागाड्या होत्या!

‘मला अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात कशी करायची हेच कळत नाही. तुम्ही नेमकं काय विचारता? काही ठरलेले प्रश्न असतात का?’

काही लोकांचे असतात. पॉल सालोपेक नावाचे अमेरिकन पत्रकार आहेत, दोनदा पुलित्झर मिळालेले, ते जानेवारी २०१३ मध्ये इथिओपियातल्या हेर्तो बोउरी नावाच्या जागेवरून पायी निघाले. ही जागा अशासाठी की तिथे सुमारे १,६०,००० वर्षांपूर्वीचे माणसाचे अवशेष सापडलेत, आणि आपले पूर्वज आफ्रिकेतून निघून जगभर पसरले त्या वाटेने दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत चालायचं असा त्यांचा बेत. तर ते दर शंभर मैलांवर, म्हणजे साधारण १६० किलोमीटरवर थांबतात, आकाशाचा एक फोटो, पायाखालच्या जमिनीचा एक फोटो, आणि तिथे जो पहिला माणूस भेटेल त्याला तेच तीन प्रश्न. तू कोण आहेस, कुठून आलास, कुठे चाललास. बस. मला यात सगळ्यात काय आवडतं तर माणूस निवडायचा नाही हे. ‘इंटरेस्टिंग’ माणूस शोधत बसायचं नाही, जो भेटेल तो.

याच्या उलटं टोक बघायचं तर १९३० ची दांडीयात्रा. १२ मार्चला साबरमतीहून निघून सुमारे ३८५ किलोमीटर चालून ६ एप्रिलला मीठ उचललं हे आपण शाळेत शिकलो, पण त्या यात्रेच्या पुढे विद्यार्थ्यांची एक तुकडी जायची, अरुण टुकडी, आणि गावोगावची माहिती गोळा करून ठेवायची, लोकसंख्या किती, गुरं किती, चरखे किती, मीठ किती लागतं, सारा किती भरावा लागतो. गांधीजी गावात पोचायचे तेव्हा भाषण त्या गावाच्या आकड्यांवर करायचे. हेही पायी चालणंच आहे आणि यातही गाव कळतंच, पण हे माहिती घेणं झालं, गोष्ट ऐकणं वेगळं.

माझे स्वतःचे प्रश्न ठरलेले नसतात, कारण मला लोकांना ‘तुम्ही कोण’ विचारायला संकोच वाटतो. मी एकच विचारते. पुढचं गाव किती लांब?

हसू नका, खरंच सांगते, याच्याइतका कामाचा प्रश्न मला अजून सापडलेला नाही. एक तर तो खोटा नाहीये, मला खरंच जायचं असतं. दुसरं म्हणजे कुणीही किलोमीटरमध्ये उत्तर देत नाही. एका बाईने सांगितलं, डोक्यावर ओझं असलं तर दीड तास, नसलं तर पाऊण. म्हणजे ती हा रस्ता कशी चालत आलीये ते एका वाक्यात कळलं. एका मुलाने सांगितलं, ‘शाळा भरायच्या आत पोचतो मी.’ कितीला निघतोस विचारलं तर म्हणाला उजाडायच्या आधी.

आणि एक म्हातारबाबा. त्यांना विचारलं तर जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘आधी जवळ होतं.’

मला वाटलं ऐकू नीट आलं नसेल. परत विचारलं. परत तेच, आधी जवळ होतं. मग हातातली काठी समोरच्या पाण्याकडे केली. धरणाचं पाणी होतं ते, मी सकाळपासून त्याच्याच कडेने चालत होते आणि किती छान तलाव आहे म्हणून दोनतीन फोटोही काढून झाले होते. जुना रस्ता त्या पाण्याखालून जायचा. समोरचं गाव तेव्हा हाकेच्या अंतरावर, बहीण तिथेच दिलेली, संध्याकाळी सहज जाऊन यायचे. पाणी भरलं तसं त्यांचं गाव वर टेकाडावर सरकलं, बहिणीचं पलीकडे सरकलं, आणि मध्ये हे सगळं. आता वळसा घालून गेलं तर पूर्ण दिवस. बहीण आजारी होती तेव्हा पलीकडच्या काठावर दिवा हलवून निरोप द्यायचे, फोन यायच्या आधीची गोष्ट. मग बाबा मला पाण्यातली ठिकाणं दाखवायला लागले, तिकडे विहीर, तिकडे आमचं घर, त्या लाटा दिसतायत ना तिथे शाळा, आणि गंमत म्हणजे मला ती दिसायला लागली. पाऊण तास आम्ही पाण्याकडे बघत उभे होतो. मी एकही प्रश्न विचारला नाही, फक्त रस्ता विचारला होता.

त्यामुळे माझं ऐकाल तर गोष्ट मागू नका, वाट विचारा. सांगायचं असेल तर सांगतील, नाहीतर हाताने दिशा दाखवतील, तीही तुम्हाला हवीच आहे.

‘किती दिवस चाललं की असे अनुभव यायला लागतात? मला जोडून तीनच सुट्ट्या मिळतात.’

तीन दिवसांत तुम्हाला तुमचे पाय भेटतील. पहिले तीनचार दिवस माणूस स्वतःच्याच दुखण्यात असतो, कुणी समोर येऊन रामायण सांगितलं तरी लक्ष टाचेत. मला पाचव्या-सहाव्या दिवसापासून जरा वर बघायला जमतं. पण जा, तीन दिवस तर तीन दिवस, न जाण्यापेक्षा बरं.

‘पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. फोनवर रेकॉर्ड करावं की रात्री आठवून लिहावं? आमचे सर म्हणतात रेकॉर्डिंग नसेल तर त्याला काही किंमत नाही.’

बातमी करायची असेल, कुणावर आरोप असेल, पैशाचा व्यवहार असेल तर सर शंभर टक्के बरोबर आहेत, रेकॉर्ड करच आणि विचारून कर. पण तू जे करू बघतेयस त्यात अडचण अशी की फोन बाहेर काढला की आवाज बदलतो. आत्तापर्यंत जो माणूस ‘आमची म्हस’ म्हणत होता तो ‘आमच्याकडील पशुधन’ म्हणायला लागतो, टीव्हीवर ऐकलेली भाषा येते तोंडात, आणि तुला हवी होती ती म्हस.

मी संध्याकाळी मुक्कामाला पोचले की दहा ओळी लिहिते, जास्त नाही, आणि आधी त्या माणसाचे शब्द जसेच्या तसे. घटना नंतरही आठवते गं, शब्द नाही आठवत. ‘आधी जवळ होतं’ हे मी त्या रात्री लिहिलं नसतं तर आज मी तुला ‘एका धरणग्रस्त वृद्धाने आपली व्यथा मांडली’ असं काहीतरी लिहून पाठवलं असतं.

वही मात्र सांभाळ. पॅट्रिक ली फर्मर नावाचा इंग्रज मुलगा १८ वर्षांचा असताना डिसेंबर १९३३ मध्ये हॉलंडच्या किनाऱ्यावरून इस्तंबूलला पायी निघाला आणि म्युनिकमध्येच त्याची बॅग चोरीला गेली, वहीसकट. पुढे एक डायरी रुमानियात राहिली, मध्ये महायुद्ध झालं, ती १९६५ मध्ये परत हाताला लागली. त्या प्रवासाच्या पुस्तकाचा पहिला भाग आला १९७७ मध्ये, तेव्हा तो ६२ वर्षांचा होता. आपले गोडसे भटजी तसेच. विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे चालत निघाले, कुणाची गोष्ट गोळा करायला नाही, घरचं कर्ज फेडायला, आणि नेमके बंडात सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले. हे सगळं त्यांनी लिहून काढलं १८८३ मध्ये आणि छापून आलं १९०७ मध्ये. एवढ्या वर्षांनी लिहिताना तारखा इकडच्या तिकडे होणारच, पण राजेरजवाड्यांबरोबर वाटेत भेटलेले शिपाई, आचारी, भिक्षुक, जीव मुठीत धरून पळणारी माणसं त्यात जिवंत आहेत, कारण तेही त्यांच्यातलेच एक होते.

आता तुझा खरा प्रश्न जो तू विचारला नाहीस, थोडं बदललं तर चालतं का. १६८९ मध्ये जपानी कवी बाशो आपला शिष्य सोरा याला घेऊन सुमारे पाच महिने उत्तर जपानात पायी फिरला आणि त्यावर त्याने जे लिहिलं ते आजही वाचलं जातं. त्यात एक प्रसंग आहे, इचिबुरी नावाच्या गावच्या मुक्कामात शेजारच्या खोलीत दोन वेश्या उतरलेल्या असतात, तीर्थाला निघालेल्या, सकाळी त्या याला म्हणतात आम्हाला रस्ता माहीत नाही, तुमच्या मागून येऊ का, आणि हा नाही म्हणतो आणि मग मनाला लागून राहतं. फार सुंदर आहे. तर १९४३ मध्ये सोराची डायरी छापून आली आणि त्यात त्या बायका कुठेच नाहीत! बऱ्याच ठिकाणी दोघांचं जुळत नाही. बाशो कवी होता, त्याला माफ. तू पत्रकार होणारेस, तुला नाही. आठवत नसेल तिथे आठवत नाही असं लिही, वाचणारे समजून घेतात.

‘भाषाच येत नसेल तर काय करायचं?’

बरोबर चालणारं कुणीतरी तिथलं घ्यायचं. सालोपेकही देशोदेशी तिथलेच सोबती घेऊन चालतात. आणि सोबती नुसता दुभाष्या समजू नका, दिवसभर बरोबर चालल्यावर सगळ्यात मोठी गोष्ट त्याचीच निघते. आणि मुकाट बसून एखाद्याला काम करताना बघितलं तरी बरंच कळतं.

‘बाईमाणसाने एकटीने असं चालणं कितपत सेफ आहे? खरं सांगा, प्रेरणादायी वगैरे नको.’

खरं सांगायचं तर भीती वाटते. चाळीसपैकी निदान दहा रात्री मला नीट झोप लागली नाही आणि दोनदा मी ठरवलेला रस्ता सोडून भलताच लांबचा घेतला कारण मागून येणारा माणूस आवडला नाही, एवढंच कारण, पुरावा काही नाही. अंधार पडायच्या बराच आधी थांबायचं, घरात बाई आणि पोरं दिसली तरच मुक्काम मागायचा, उद्या कुठे असणार ते रोज एका माणसाला कळवायचं, आणि मनाने नको म्हटलं की सौजन्य गुंडाळून ठेवून निघायचं. आपल्याला ना, कुणाला वाईट वाटेल म्हणून थांबायची सवय असते, ती आधी सोडा.

पण दुसरी बाजूही खरी आहे. बाई असल्यामुळे मला जे ऐकायला मिळालं ते कुठल्याही पुरुषाला मिळालं नसतं. पुरुष चालणाऱ्याला बहुतेक अंगणातच बसवतात आणि गावातले पुरुष येऊन त्याच्याशी राजकारण बोलतात. मला आत नेतात. दिवसभर घराबाहेर सगळे पुरुष बोलत असतात आणि आत भांडी घासता घासता, दिवा मालवल्यावर, शेजारी अंथरूण टाकून, बाया बोलायला लागतात. कुणाची किती मुलं गेली, कुणाला शिकायचं होतं, कुणी नवऱ्याला न सांगता काय काय केलंय. अंधारात चेहरा दिसत नसतो म्हणूनही असेल.

आणि बायका चाललेल्या आहेत हो. १९५३ च्या १ जानेवारीला एक अमेरिकन बाई ‘पीस पिलग्रिम’ एवढंच नाव अंगरख्यावर लिहून निघाली, पैसे नाहीत, कुणी आसरा दिला तर थांबायचं आणि कुणी दिलं तर जेवायचं, १९६४ मध्ये २५,००० मैल झाल्यावर तिने मोजणंच सोडलं पण चालणं १९८१ मध्ये मरेपर्यंत चालूच होतं. रॉबिन डेव्हिडसन १९७७ मध्ये चार उंट आणि एक कुत्रा घेऊन ऑस्ट्रेलियाच्या मधोमध असलेल्या ॲलिस स्प्रिंग्जहून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत गेली, सुमारे २७०० किलोमीटर. तिला वाळवंटाचा जितका त्रास झाला नसेल तितका गाड्यांतून येऊन तिचे फोटो काढणाऱ्या टुरिस्टांचा झाला. आणि थोडा रस्ता तिच्याबरोबर एडी नावाचे तिथले आदिवासी बुजुर्ग चालले, दोघांची भाषा फारशी जुळत नव्हती तरी. ही गोष्ट मी अशासाठी सांगतेय की तुम्ही एकट्या चाललात की तुम्ही स्वतःच लोकांची गोष्ट होता, पुढच्या गावात तुमच्या आधी तुमची बातमी पोचलेली असते. कधी ते संरक्षण असतं, कधी वैताग.

‘तुम्ही पैसे किती बरोबर ठेवता?’

पुरेसे. सतीश कुमार आणि ई. पी. मेनन १९६२ मध्ये अणुबॉम्बच्या विरोधात दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन करत वॉशिंग्टनला निघाले, जमिनीवरचा जवळपास सगळा रस्ता पायी, आणि विनोबांच्या सांगण्यावरून खिशात एक पैसा न ठेवता. त्यातलं गणित मला पटतं, पैसे असले की माणूस लॉजवर जाऊन दार लावून घेतो, नसले की रोज संध्याकाळी कुणाच्या तरी दारात जाऊन बोलावंच लागतं. पटतं पण जमत नाही. मी पैसे ठेवते, फक्त ते आधी बाहेर काढत नाही.

‘तुमचा लेख वाचून राग आला. आमच्या घरातली माणसं कामासाठी पायी चालली, कुणी त्यांना प्रवासी म्हटलं नाही. तुम्ही हौसेने चालायचं, गरिबांच्या घरी झोपायचं, त्यांची दुःखं लिहून मानधन घ्यायचं. त्यांना यातून काय मिळतं?’

हे पत्र मी तीनदा वाचलं. तुमचा राग चुकीचा आहे असं म्हणणार नाही.

२०२० च्या मार्चमध्ये २४ तारखेच्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला, चार तासांत लागू, आणि पुढचे कित्येक दिवस माणसं शेकडो किलोमीटर चालत घरी गेली, डोक्यावर सामान, कडेवर पोर. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये बुडापेस्टच्या केलेटी स्टेशनवर अडकवून ठेवलेले हजारावर निर्वासित ट्रेन मिळत नाही म्हणून हायवेने ऑस्ट्रियाच्या दिशेने चालत सुटले. जगातली लांब पायपीट बहुतेक अशीच असते, नाइलाजाची. माझ्या बॅगेत परतीचं तिकीट होतं. मी कधीही थांबू शकत होते, आणि हा फरक कितीही फोड आले तरी पुसला जात नाही. मागच्या लेखात मी हे लिहायला हवं होतं, ते राहिलं, ही चूक मान्य.

काय मिळतं याचं उत्तर देताना मला नेहमी १९५१ ची पोचमपल्ली आठवते. विनोबा चालत तेलंगणात गेले, १८ एप्रिलला त्या गावात पोचले, तिथल्या भूमिहीन दलितांना विचारलं तुम्हाला काय हवंय, ते म्हणाले जमीन, ८० एकर. विनोबांकडे जमीन कुठून असणार, त्यांनी गावासमोर नुसता प्रश्न ठेवला आणि रामचंद्र रेड्डी नावाच्या गृहस्थांनी उठून १०० एकर देतो म्हटलं. त्यातून भूदान सुरू झालं आणि विनोबा पुढे तेरा वर्षं चालत राहिले. नंतर त्यातली किती जमीन खरंच लोकांच्या हातात पडली, किती खडकाळ निघाली, यावर भरपूर टीका झालीये आणि ती व्हायलाच हवी. पण ऐकलेलं पुढच्या माणसाच्या कानावर घातलं हा त्यातला भाग मला अजूनही मोठा वाटतो. माझ्या हातून तेवढंही झालेलं नाही, मी विनोबा नाही. माझ्या ऐकण्याने कुणाचं धरण रिकामं झालं नाही.

आणि उलट त्रास झालाय, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी एका बाईने मला रात्री सांगितलं होतं की ती घरच्यांना न सांगता थोडेथोडे पैसे बाजूला टाकते, कुठे टाकते तेही. मी नाव बदलून लिहिलं. नाव बदललं पण घरासमोरचं वाकडं झाड तसंच ठेवलं, कारण वाक्य छान झालं होतं. तिच्या पुतण्याने ते वाचलं, झाड ओळखलं. पुढच्या वर्षी त्याच रस्त्याने गेले तेव्हा तिने पाणी दिलं, बस म्हणाली, पावसापाण्याचं बोलली. रागावली असती तर बरं झालं असतं. पैशांचं काय झालं ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

तेव्हापासून मी दोनदा विचारते, एकदा ऐकताना, हे लिहू का, आणि एकदा सकाळी निघताना परत, कारण रात्री हो म्हणालेली बरीच माणसं सकाळी नाही म्हणतात. वाकडी झाडं काढून टाकते. मानधनाचं म्हणाल तर घेते, हो. तुमच्या घरातली जी माणसं चालली त्यांच्याबद्दल तुम्ही स्वतः लिहून पाठवलंत तर या पानावर माझ्याऐवजी ते यावं असं मी संपादकांना सांगेन, मानधनासकट. खरंच पाठवा.

‘मी सातवीत आहे. तुम्हाला कधी कोणी गोष्ट सांगितलीच नाही असं झालंय का?’

झालंय की! एकदा सकाळी सकाळी एक काका माझ्याच दिशेने चालत होते, आमचा दोघांचा स्पीड सारखा, त्यामुळे पुढेही जाता येईना आणि मागेही राहता येईना. मी विचारलं पुढचं गाव किती लांब, ते म्हणाले आहे अजून. झालं. त्यानंतर दुपारपर्यंत आम्ही शेजारी शेजारी चाललो आणि एक अक्षर नाही. मध्ये एका झाडाखाली बसलो, पाणी प्यायलो, उठलो. मी मनात त्यांच्या कितीतरी गोष्टी बनवल्या, मिल्ट्रीतून आले असतील, कुणाशी भांडले असतील, मौनव्रत असेल, मोठं काहीतरी दुःख असेल. तिठ्यावर त्यांचा रस्ता वेगळा झाला तेव्हा ते थांबले, घसा खाकरला, आणि मला वाटलं आता काहीतरी सांगणार.

म्हणाले, ‘ताई, बॅगेची मागची चेन उघडी आहे. सकाळपासून सांगायचं होतं.’